इंजिनाचे कूळ आणि मूळ
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



मी वक्ता नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून रेल्वेच्या लोको शेडमध्ये लागलेला आणि तिथेच चाळिशी ओलांडलेला माणूस आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी ‘तुमच्या कामातले काहीतरी सांगा’ असा आग्रह धरला, म्हणून उभा राहिलो. विषय निवडला आहे तो असा : जुन्या गाडीतले इंजिन बदललेले असेल, तर ते मूळचे कुठले, हे कसे ओळखायचे? विषय तेलकट आहे खरा, पण ज्यांच्या अंगणात वडिलांच्या वेळची एखादी जीप, फियाट किंवा अँबॅसेडर उभी आहे, त्यांच्या तो कामाचा आहे. आणि अशी घरे दुर्ग-भिलाईकडे अजून पुष्कळ आहेत.

सुरुवात आपल्या रसमड्यापासूनच करू. मुंबई-हावडा मार्गावरचे आपले हे छोटेसे स्टेशन. पुढच्या वेळी फलाटावर गाडीची वाट बघत असाल तेव्हा जरा खाली रुळाकडे पाहा. फलाटावरूनच पाहा, खाली उतरू नका! रुळाचा माथा आणि तळ यांच्यामध्ये जी उभी पट्टी असते, तिच्यावर ठरावीक अंतराने उठावदार अक्षरे दिसतील. रुळाचा छेद ५२ किलोचा की ६० किलोचा, पोलाद कोणत्या प्रतीचे, कारखाना कोणता, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या साली तो लाटला गेला, हे सगळे तिथे लिहिलेले असते. आपल्या भिलाईत लाटलेला रूळ देशात कुठेही टाकला, तरी तो आपले गाव आणि जन्मसाल अंगावर घेऊन जातो. ही अक्षरे रंगाने लिहिलेली नसतात की पत्र्याची पट्टी लावून चिकटवलेली नसतात. रूळ तांबडालाल असताना लाटणाऱ्या रोलमधूनच ती उमटतात. म्हणून ती खोटी करणे अवघड. शिवाय त्या ओतीचा क्रमांक वेगळा ठोकलेला असतो.

म्हणजे एकाच लोखंडावर दोन प्रकारच्या खुणा असतात. एक जन्माबरोबर आलेली, उठावाची. दुसरी ठोकलेली, खोलगट. आजचा सगळा विषय या दोन खुणांवर उभा आहे.

आता दुसरी गोष्ट आमच्या शेडची. डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल लोको तुम्ही सर्वांनी पाहिले असेल. १९६२ साली ते अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आले आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागले. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. लोकांना वाटते, लोकोचा नंबर तोच म्हणजे आतले सगळे तेच. तसे मुळीच नसते. एका लोकोची ट्रॅक्शन मोटर दुसऱ्यात जाते, दुरुस्त झालेले इंजिन तिसऱ्यात बसते. गाडी खोळंबू नये म्हणून तयार भाग बसवायचा आणि काढलेला भाग सावकाश दुरुस्त करायचा, ही आमची रोजची पद्धत. पण प्रत्येक मोठ्या भागाला स्वतःचा नंबर असतो आणि कोणता भाग कधी कुठून निघाला, कुठे बसला, याची नोंद रजिस्टरमध्ये होते. इंजिन बदलणे हा आमच्याकडे दोष नाही. न लिहिता बदलणे हा दोष.

आणि आज ज्याच्या उत्सवासाठी आपण जमलो आहोत, त्या बाप्पाचेच उदाहरण घ्या ना! मस्तक बदलले, ही कथा आपण लहान मुलांनाही सांगतो. ते कुणी झाकून ठेवले नाही. मस्तक कोणाचे हे सर्वांना ठाऊक, आणि तरी अग्रपूजेचा मान त्याचाच.

आता जीपकडे येतो. आपल्या भागात जुनी गाडी म्हटले की पहिले नाव जीपचे निघते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत एकाच नमुन्याची जीप दोन कंपन्यांनी बनवली. विलीजच्या जीपला ‘एमबी’ म्हणत, फोर्डच्या जीपला ‘जीपीडब्ल्यू’. विलीजने साडेतीन लाखांहून अधिक आणि फोर्डने पावणेतीन लाखांहून अधिक गाड्या काढल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या पुष्कळ लष्कराच्या लिलावातून आपल्या लोकांच्या हाती आल्या. १९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत सुटे भाग आणून जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे जीप इथेच बनू लागली. या पन्नास-साठ वर्षांत आपल्याकडच्या जीपच्या बॉनेटखाली साधारण पाच कुळांची इंजिने सापडतात. ती एकेक सांगतो.

पहिले युद्धकाळातले पेट्रोल इंजिन, १३४ घनइंचाचे, म्हणजे सुमारे २२०० सीसी. याचे सगळे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच असतात. त्यामुळे हेड पातळ आणि सपाट दिसते, जणू डब्याचे झाकण.

दुसरे त्याचेच धाकटे भावंड. आकार तोच १३४ घनइंच, पण इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेलेले आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच ठेवलेले. त्यामुळे इंजिन उंच झाले. ते झाकण्यासाठी विलीजने १९५३ साली सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप काढली. आपल्याकडे महिंद्रने पुढे कित्येक वर्षे हाच उंच बॉनेटचा नमुना चालवला. आपण सिनेमात आणि तहसील कचेरीत पाहिलेली जीप बहुतेक हीच.

तिसरे ट्रॅक्टरचे. महिंद्रने १९६३ पासून अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर ट्रॅक्टर बनवायला घेतले. त्यातल्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातले सुमारे २३५० सीसीचे डिझेल इंजिन जीपमध्येही आले. आवाज ऐकला की शेतकरी माणूस डोळे मिटून ओळखतो.

चौथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचे डिझेल, एक्सडीपी ४.९०. त्यासाठीचा करार १९७९ चा. या इंजिनाचे नावच त्याची ओळख आहे : चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. क्षमता २११२ सीसी.

पाचवे मर्सिडीजचे ओएम-६१६, सुमारे २४०० सीसी. हे पुण्याच्या आकुर्डीत बजाज टेम्पोने परवान्यावर बनवले आणि मॅटाडोर, ट्रॅक्समध्ये बसवले. मॅटाडोर भंगारात जायची, पण इंजिन दमदार असायचे. ते काढून लोकांनी जीपमध्ये, अँबॅसेडरमध्ये, मोठ्या अमेरिकन गाड्यांमध्येही बसवले.

हे सगळे का झाले? कारण सरळ आहे. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त, आणि जुन्या पेट्रोल इंजिनाचे सुटे भाग मिळेनात. ज्याने गाडी चालती ठेवण्यासाठी इंजिन बदलले, त्याने काही पाप केले नाही. त्याने बदलले म्हणून ती गाडी आज उभी तरी आहे. प्रश्न फक्त नोंदीचा आहे.

आता ओळखायचे कसे? मी माझ्या सवयीचा क्रम सांगतो.

पहिली पायरी, इंजिनाकडे नव्हे, भोवताली बघा. बदललेले इंजिन चॅसिसवर माग ठेवून जाते. माउंटिंगचे ब्रॅकेट मूळचे रिव्हेटचे आहेत की नंतर वेल्डिंग केलेले? इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जास्तीची जाड प्लेट घातली आहे का? रेडिएटर पुढे सरकवला आहे का? डॅशबोर्डला हीटर प्लगच्या बटणासाठी नंतर भोक पाडले आहे का? युद्धकाळातली जीप सहा व्होल्टची होती. तिच्यात बारा व्होल्टची बॅटरी दिसली, तर निदान वायरिंगला तरी हात लागला आहे, असे समजा.

दुसरी पायरी, इंधन आणि व्हॉल्व्ह. स्पार्क प्लग की नोझल? व्हॉल्व्ह शेजारी, वर, की दोन्हीकडे? एवढ्यावरच पाचातली दोन-तीन नावे गळून पडतात.

तिसरी पायरी, उठावाची अक्षरे. ब्लॉकवरची माती, तेल आणि रंगाचे थर ब्रशने आणि रॉकेलने काढा. इथे ग्राइंडर अजिबात लावू नका. ब्लॉक वाळूच्या साच्यात ओतताना काही अक्षरे, अंक, कधी कंपनीची खूण वर उठून येते. युद्धकाळातल्या विलीज ब्लॉकवर ६३८६३२ असा अंक ओतलेला सापडतो. मात्र इथे एक घोटाळा होतो. लोक हाच इंजिन नंबर समजतात. तो तसा नसतो. तो त्या भागाचा नमुना-क्रमांक, हजारो ब्लॉकवर एकच. रुळावर ‘५२ किलो’ लिहिलेले असते तसा. तो जात सांगतो, व्यक्ती सांगत नाही.

चौथी पायरी, ठोकलेला नंबर. हा त्या एकाच इंजिनाचा. जुन्या जीपच्या पेट्रोल इंजिनावर तो पुढे, वॉटर पंपामागच्या सपाट उंचवट्यावर ठोकलेला असतो. त्याची सुरुवात कूळ सांगते. ‘एमबी’ म्हणजे युद्धकाळातली विलीज, ‘जीपीडब्ल्यू’ म्हणजे फोर्ड, नुसता ‘जे’ म्हणजे युद्धानंतरची नागरी सीजे-२ए, आणि ‘४जे’ म्हणजे उंच बॉनेटवाली. फोर्डने तर आपल्या बोल्टवर आणि भागांवरही ‘एफ’ अक्षर उमटवले होते.

नंबर वाचण्याआधी तो ज्या जागेवर ठोकला आहे ती जागा पाहा. कारखान्यातल्या मशीनने कापलेल्या पृष्ठभागावर एका दिशेच्या बारीक रेषा असतात. ती जागा गुळगुळीत, खोलगट किंवा वेगळी चमकणारी दिसली, अंक एका ओळीत नसले, तर शंका घ्या. ठोकताना अंकाखालचा धातूही दबतो, म्हणून वरून घासून टाकलेला नंबर प्रयोगशाळेत रसायन लावून पुष्कळदा परत दिसतो. घासणाऱ्याला हे माहीत नसते.

पाचवी पायरी, मोजमाप. हेड उघडलेच असेल तर बोअर आणि स्ट्रोक मोजा. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरपासून खालपर्यंतची चाल. यात बोअरवर फार विश्वास ठेवू नका. सिलिंडर झिजतो, बोअरिंग करून मोठा केला जातो. स्ट्रोक मात्र क्रँकशाफ्टने ठरवलेला असतो. गाडी कितीही गॅरेजांत फिरून आली तरी तो बदलत नाही.

शेवटी पाट्या आणि कागद. पंपावर मायकोची पाटी आहे, अल्टरनेटरवर लुकासची आहे, ही माहिती उपयोगाची आहे, पण पंप दोन बोल्टवर निघतो. जी वस्तू पान्याने निघते, तिची साक्ष तेवढीच धरायची.

हे सारे एका प्रसंगातून सांगतो. राजनांदगाव रस्त्यावरच्या माझ्या एका स्नेह्यांच्या घरी वडिलांची जीप होती. वडिलांनी ती लष्करी लिलावातून आलेली म्हणून घेतलेली. आर.सी.वर पेट्रोल, आणि इंजिन नंबराची सुरुवात ‘एमबी’. बॉनेटखाली मात्र डिझेल. वडील गेले, त्या काळचे मिस्त्रीही गेले. घरात मुलीच्या लग्नाची तयारी सुरू होती आणि मोठ्या शहरातून एक गिऱ्हाईक आले. त्याने चांगली रक्कम देऊ केली, पण एका अटीवर : गाडी ‘युद्धातली, मूळ इंजिनाची’ असली पाहिजे. मधल्या माणसाने तोडगाही सुचवला. कबाड्याकडून कुठलेही जुने पेट्रोल इंजिन आणायचे, नंबरची जागा घासायची आणि आर.सी.वरचा ‘एमबी’ नंबर त्यावर ठोकून घ्यायचा. ‘काका, सगळे असेच करतात,’ असे तो म्हणाला.

स्नेह्यांनी मला बोलावले ते ठोकण्यासाठी नव्हे, आधी आत काय आहे ते तरी कळू दे म्हणून. आळीतले लोक ठामपणे सांगत होते, मर्सिडीजचे इंजिन आहे, मॅटाडोरमधून काढलेले. आम्ही पाहायला बसलो. चॅसिसचा ठोकलेला नंबर आर.सी.शी जुळत होता. बॉनेट बुटके, म्हणजे गाडी जुन्या नमुन्याची खरी, पण बॉनेटच्या मधोमध पत्र्याचा फुगवटा जोडलेला. माउंटिंग वेल्डिंगचे. बॅटरी बारा व्होल्टची. हेड गॅस्केट जळाले होते म्हणून हेड उघडलेलेच होते. बोअर मोजला तर नव्वदच्या थोडा वर. प्यूजोचा बोअर ९०, मर्सिडीजचा जवळजवळ ९१. बोअरिंग झालेल्या सिलिंडरमध्ये एवढ्या फरकावर काय भांडायचे? मग पिस्टन वर आणून, खाली नेऊन डेप्थ गेजने स्ट्रोक मोजला. ८३ मिलिमीटर. मर्सिडीजचा स्ट्रोक ९२ च्या वर असतो. वहीत गणित मांडले : ०.७८५४ गुणिले ९ गुणिले ९ गुणिले ८.३ गुणिले ४. उत्तर २११२. प्यूजो! इंजिन १९७९ च्या करारानंतरचे, म्हणजे युद्धाशी त्याचा संबंध नाही. आणि इंजिनाचा स्वतःचा ठोकलेला नंबर जागेवर शाबूत होता, कुणी हात लावलेला नव्हता.

स्नेह्यांना मी एवढेच म्हणालो, की वडिलांनी यातले काहीच लपवले नव्हते. फुगवटा झाकला नाही, नंबर घासला नाही. राहिली ती फक्त कागदावरची नोंद. ती आपण करू शकतो. पण एकदा ब्लॉकवर खोटा नंबर ठोकला, की पुढच्या प्रत्येक मालकाच्या हाती आपण खोटा दाखला देतो, आणि चॅसिसचा खरा नंबरही संशयात येतो.

कायदा काय म्हणतो तेही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीचे इंजिन बदलले तर ते चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवून आर.सी.वर नोंद करून घ्यायची असते. इंजिन चोरीच्या गाडीतले नाही, हे सिद्ध करण्याची वेळ आली तर ही नोंदच आपली ढाल. दुसरे म्हणजे, जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपातली, चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर मालिका मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. म्हणून तर मूळ इंजिनाच्या गाडीला एवढा भाव आला, आणि म्हणून तर घासण्या-ठोकण्याचा मोहही वाढला.

स्नेह्यांनी गिऱ्हाइकाला खरे सांगितले. तो सौदा मोडला. लग्नासाठी त्यांना दुसरीकडून पैसे उभे करावे लागले, आणि ते सोपे गेले नाही. इंजिनाच्या नोंदीसाठी कार्यालयाच्या चकराही पुष्कळ झाल्या. वर्षभराने एका जीपवेड्या तरुणाने ती गाडी घेतली, कमी किमतीत, पण सगळे माहीत असून. कागदांबरोबर आम्ही एक पान लिहून दिले : चॅसिस कोणती, इंजिन कोणते, कशावरून ओळखले, काय मोजले. तो मुलगा म्हणाला, ‘काका, गाड्या पुष्कळ पाहिल्या, इतिहास पहिल्यांदा मिळाला.’

मित्रहो, तुमच्याकडे जुनी गाडी असेल, मग ती जीप असो, पद्मिनी असो की स्कूटर, तर एक विनंती आहे. सुट्टीच्या दिवशी एक कागद आणि शिसपेन्सिल घ्या. नंबरवर कागद धरून पेन्सिल हलक्या हाताने घासा आणि छाप घ्या. आर.टी.ओ.मध्येही चॅसिस नंबरची अशीच छाप घेतात. एक छाप चॅसिसची, एक इंजिनाची. त्या वहीत चिकटवा आणि आर.सी.शी ताडून पाहा. जुळत नसेल तर घाबरू नका, कळवून टाका. आणि आपल्या दुर्गच्या, भिलाईच्या, राजनांदगावच्या जुन्या मिस्त्रींना भेटा. कोणत्या गाडीत कोणते इंजिन कोणत्या साली टाकले, हे त्यांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. ती माणसे ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडून लिहून घेण्याचे काम आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी मनावर घेतले, तर पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेची दोन पाने त्यातच भरतील.

 पाठीमागे बसलेल्या बालमित्रांनी मोदकांची वेळ झाल्याची खूण केली आहे, तेव्हा थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!